पावणं जेवत्यात

समुद्राचा इतका मनापासून राग करणारा, आणि तरीही सगळी उमेद समुद्रावरच घालवलेला आमच्या मामांसारखा दुसरा माणूस कुठल्याच बंदरावर सापडायचा नाही. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या मालवाहू बोटीवरचे ते भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. बोटीवर चाळीसेक माणसं, त्यांत कोल्हापूरकडचे आम्ही तिघंच. मामा कसबा बावड्याचे. इंजिनात तेलपाणी बघणारा दस्तगीर खुद्द कोल्हापुरातला, कल्हईवाल्याचा मुलगा. आणि मी राधानगरीकडचा, सातवीत शाळा सोडून, इकडंतिकडं हेलपाटत शेवटी डेकवर दोर ओढायला लागलेला. बोटीवर कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या घरात समुद्र नातेवाइकासारखा येतो-जातो. घाटावरच्या माणसाचं तिथं काय काम, असं सगळे विचारायचे, आणि सगळ्यांत जास्त वेळा मामा स्वतःच विचारायचे. "ह्ये पाणी हाय व्हय? पिता येत न्हाय, पिकाला देता येत न्हाय, म्हस धुता येत न्हाय. मग एवढं केलंय कशाला?" असं ते स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून अटलांटिककडं बघत म्हणत. प्रश्न खरोखरच कुणालातरी विचारल्यासारखा असे, आणि उत्तर आलं नाही की ते जरा खट्टू होऊन कांदा चिरायला घेत.

जगातल्या सगळ्या पाण्याचं त्यांचं माप एकच होतं, रंकाळा. बिस्केच्या उपसागरात बोट अशी हेलकावत होती, की टेबलाला बांधलेली माणसंसुद्धा देवाचं नाव घेत होती. मामा मात्र पातेल्याच्या कानाला धरून म्हणाले, "रंकाळ्याला बी वारं सुटलं की असंच हुतंय." सुएझचा कालवा बघून त्यांनी राधानगरीच्या कालव्याची आठवण काढली आणि त्या कालव्याचं काम अधिक सुबक आहे, असा निकाल दिला. हे मला बरं वाटावं म्हणून होतं, हे मला नंतर कळलं. इतकी वर्षं बोटीवर काढून त्यांनी समुद्रात पाऊल म्हणून घातलं नव्हतं. बंदरात उतरताना फळीवरून थेट धक्क्यावर, धक्क्यावरून थेट बाजारात. कुठं किनारा दिसला तर चपला काढायच्या ऐवजी ते चपलांचा अंगठा घट्ट करत.

बाजारात मामा जगातल्या प्रत्येक माणसाशी बावड्याच्या भाषेत बोलत. दुसरी कुठली भाषा शिकावी, असं त्यांना कधी वाटलं नाही आणि त्यांचं कधी अडलंही नाही. समोरचा गोरा असो, काळा असो, चिनी असो, तो 'पावणं' असे. रॉटरडॅमला एका खाटकाच्या काचेच्या दुकानात शिरून त्यांनी विचारलं होतं, "पावणं, बोकड कवळं हाय का कालचं हाय?" तो लालबुंद सहा फुटी माणूस काही क्षण त्यांच्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून मागच्या खोलीत गेला आणि ताजं मटण घेऊन आला. मामा म्हणाले, "बघ, लाजला. बाहेर मांडलेलं कालचंच हुतं." मी त्या वेळी नवखा होतो. मला सगळ्या गोष्टींची धास्ती वाटायची. पोलीस येतील, बोट सुटेल, साहेब ओरडेल, गावाकडून काही निरोप येईल. मामांच्या मागं पिशवी धरून चालताना तेवढी धास्ती वाटत नसे. मोठ्या आवाजात मराठी बोलणारा माणूस पुढं असला की परका मुलूखही जरा आवरून वागतो.

मामांचं सगळ्यांत मोठं दुःख त्यांच्या वयाचं होतं, आणि ते त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. बोटीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला चहाच्या पहिल्या कपाबरोबर ते ऐकावं लागे. "माझं वय माझं न्हाय. थोरल्याचं हाय." गोष्ट अशी होती. त्यांचा थोरला भाऊ शाळेत घातला आणि पहिल्याच वर्षी तापानं गेला. गुरुजी घरी समाचाराला आले तेव्हा म्हणाले, पटावरचं नाव कशाला कमी करायचं, धाकट्याला पाठवा. धाकटा दोन वर्षांनी लहान. तो थोरल्याच्या जागेवर, थोरल्याच्या नावानं जाऊन बसला, आणि मग उठलाच नाही. तेच नाव, तेच वय घेऊन तो मुंबईला आला, बोटीवर चढला. आईनं शेवटपर्यंत त्यांना 'बाळ्या'च म्हटलं. बोटीवर हजेरीला नाव पुकारलं की मामा आधी एकदा मागं वळून बघत, कुणी पुढं येतंय का, आणि कुणी आलं नाही की हात वर करत. दस्तगीर त्यांची फिरकी घ्यायचा. "मामा, थोरलं आज बी आलं न्हाईत वाटतं." मामा म्हणायचे, "आरं, ते लई वरसं झाली रजेवर हाय."

आणि तारीख एक जून. आमच्या भागातल्या आयांना मुलाचा जन्म विचारला, तर त्या भाताची लावण, म्हशीचं वेत, जोतिबाची यात्रा असलं काहीबाही सांगतात. गुरुजी बिचारे त्यातून काय तारीख काढणार? ते सगळ्यांना एक जून घालून मोकळे होतात. माझीही तीच, दस्तगीरचीही तीच. आमचे कप्तान बंगाली. भारी सज्जन, हळुवार बोलणारा माणूस. त्यांना हा मोठाच चमत्कार वाटला. एका जिल्ह्याची तीन माणसं, एका बोटीवर, आणि तिघांचा जन्म एकाच दिवशी. त्यांनी कुठल्याशा ज्योतिषाच्या पुस्तकात बघून आमच्या जिल्ह्यावर त्या दिवशी कुठल्या ग्रहाची कृपा असते, तेही शोधून काढलं. सत्य सांगायचा आम्हांला धीर झाला नाही. मामा म्हणाले, "असू दे की. चांगल्या माणसाचा समज मोडू नये. त्येला बी बोटीवर करमत नसंल."

मामांचा एक नियम मात्र कप्तानापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. जेवणाऱ्या माणसाशी कामाचं बोलायचं नाही. बरं नाही, वाईट नाही, मागणं नाही, सांगणं नाही. एकदा रंगाच्या कोठीत काहीतरी पेटलं आणि सारंग, म्हणजे आम्हां खलाशांचा मुकादम, धावत जेवणाच्या खोलीत आला. मामांनी त्याला दारातच पळी आडवी घालून थांबवलं. "काय हाय ते भाईर सांगा. पावणं जेवत्यात." सारंग म्हणाला, आग लागलीय. मामा म्हणाले, "मग इझवा की. आग काय ह्यांच्या ताटात लागलीया?" आणि त्यांनी स्वतः पाण्याची बादली उचलून दिली, पण माणूस उठू दिला नाही. आग किरकोळ होती म्हणून बरं. ही हट्टाची गोष्ट हसण्यासारखी खरीच, आणि आम्ही ती हसून हसून सांगत असू. पण तिच्यामागचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, लसूण सोलता सोलता, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. थोरला दवाखान्यात वारल्याचं कळवायला शेजारचा माणूस आला, तेव्हा वडील नुकते ताटावर बसले होते. त्या माणसानं दारातूनच सांगितलं. वडील हातातला घास ताटात ठेवून उठले. "त्येनंतर माझा बा पोटभर जेवल्याला कुणी बघितला न्हाय. ताटावर बसलं की दाराकडं बघायचा. वीस वरसं दाराकडं बघत जेवला."

माझ्या वडिलांचं कळलं तेव्हा बोट तांबड्या समुद्रात होती. रेडिओवाले साहेब निरोप घेऊन स्वयंपाकघरात आले. मला कसं सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. मामांनी तो निरोप स्वतःकडं ठेवला. मी दुपारी जेवायला आलो तर माझ्या पुढ्यात बसून मला वाढत राहिले. "आणि एक भाकरी घे. घे की. तुझ्या वयात मी चार खात हुतो." मी जेवलो, दस्तगीरबरोबर कशावरून तरी हसलोही. मग हात धुतल्यावर त्यांनी मला बोटीच्या मागच्या टोकाला नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं. मला त्यांचा इतका राग आला, की मी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. पुढं कितीतरी दिवस अन्नाचा घास घशाखाली उतरला नाही. त्या दिवसांत केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की बाप असलेला माणूस म्हणून मी जेवलेलं ते शेवटचं जेवण, आणि ते मला पोटभर मिळालं. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. मामांनी केलं, आणि वर बुक्क्या खाल्ल्या.

तर ज्या सफरीची ही हकिगत, त्या सफरीत येणारा एक जून मामांचा अठ्ठावन्नावा होता. म्हणजे थोरल्याचा. कंपनीचा नियम अठ्ठावन्न. बोट मुंबईला लागली की मामांनी कायमचं उतरायचं. कप्तानानं शिफारस लिहिली, माणूस धडधाकट आहे, हवा आहे, तर हापिस दोन वर्षं वाढवून देई. तसं पूर्वी एक-दोघांना दिलंही होतं. दस्तगीर म्हणाला, "मग मागा की मामा. सायेब तुमच्या रश्श्यावर जीव टाकतोय." मामा तांदूळ निवडत राहिले. मी विचारलं, घरी काय आहे? तर पुतण्याची जागा होती, तिच्यात एक खोली त्यांच्यासाठी राखलेली होती. साखर कारखान्याचा भोंगा तिथून ऐकू येतो, म्हणाले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. मी म्हटलं, मग चांगलं आहे की, आता विश्रांती घ्या. तेव्हा त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला वाटलं, हा माणूस आत्ता बुडतो आहे आणि त्याला हाका मारायला कुणी शिकवलेलं नाही. "राधानगरी," ते म्हणाले. मला ते गावाच्याच नावानं हाक मारत. "मला एका माणसाचा भात शिजवायला येत न्हाय रं. किती तांदूळ घ्यायचं तेच कळत न्हाय. मूठभर तांदूळ पातेल्यात टाकलं की मला रडाया येतंय."

बोट तेव्हा बार्बाडोसला साखर भरायला लागली होती. ते बेट म्हणजे निवांतपणाचं माहेर. धक्क्यावरचा माणूससुद्धा दोर असा सोडतो, की जणू दोरालाच विचारून सोडतोय. मामांनी तिथला ऊस मागून घेतला, दातानं सोलला, चघळला आणि "गोड हाय, पर बावड्याच्या उसागत बोलत न्हाय," असं म्हणून चोथा खिशात ठेवला, परक्याच्या गावात कुठं थुंकायचं म्हणून. एक जूनला कसलीशी सुट्टी होती, गोदी बंद होती. कप्तान त्याच संध्याकाळी दुसऱ्या कप्तानाकडं बोट सोपवून विमानानं सुट्टीवर जायचे होते. जाता जाता बोटीवरच्या माणसांबद्दलचं त्यांचं म्हणणं ते हापिसाला कळवणार होते. म्हणजे मागायचं तर त्या दुपारीच. मामा शेवटी तयार झाले, पण एका अटीवर. "मोकळ्या हातानं मागायचं न्हाय. आधी खाऊ घालायचं. हात धुतला की मग मी बोलतो. आणि बोलणार मीच. तुम्ही दोघांनी तोंड उघडलं तर बोटीवरनं खाली टाकीन."

वाढदिवसाचं निमंत्रण ऐकून कप्तान हरखले. आमच्या ग्रहाची कृपा प्रत्यक्ष बघायला मिळणार, म्हणाले. आम्ही एका पावण्याची छोटी बस ठरवली आणि पातेली, पीठ, पाटा-वरवंटा, चटणीचा डबा घेऊन सकाळीच समुद्रकाठी गेलो. असा किनारा मी त्यानंतरही कुठं बघितला नाही. पिठासारखी पांढरी वाळू, नारळीची झाडं पाण्यावर वाकलेली, आणि पाणी असं निळं, की कल्हईवाल्याच्या पोरालाही उपमा सुचेना. बसवाला टोपी तोंडावर टाकून झाडाखाली झोपला. मामांनी जाऊन त्याला विचारलं, "पावणं, वय काय तुमचं?" त्यानं टोपी उचलली, हसला, समुद्राकडं बोट केलं आणि परत टोपी ओढून घेतली. मामा कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले. "ह्यो बघ मोकळा माणूस," ते म्हणाले. "ह्येला कुणी इचारत न्हाय, आणि इचारलं तर ह्यो सांगत न्हाय."

मामांनी पाण्यापासून शक्य तितक्या लांब तीन दगडांची चूल मांडली. वाळूत चूल पेटेना, तेव्हा समुद्रालाच चार शिव्या दिल्या. पण पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध लागतं, आणि नारळ तर डोक्यावरच लटकत होते. ही एक गोष्ट ह्या पाण्याकाठी बरी केलीया, हे त्यांना कबूल करावं लागलं. दस्तगीर नारळ खवत होता, मी लाकडं ओढत होतो, आणि मामा भाकरी थापत होते. परातीच्या त्या थापांचा आवाज लाटांच्या आवाजात मिसळला तेव्हा मला वाटलं, आता सगळं नीट होणार. मला असं सहसा वाटत नाही. वाटलं तेव्हाच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

कप्तान आले ते मोठा केक घेऊन. त्याच्यावर साखरेनं अठ्ठावन्न काढलेलं. मामांनी त्या आकड्याकडं बघितलं, हजेरीच्या वेळेसारखं एकदा मागं वळून बघितलं आणि सुरी फिरवली. केक बसवाल्यानं फार आवडीनं खाल्ला. मग कप्तान झाडाच्या सावलीत चटईवर बसले, कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि मामांनी पहिला पांढरा रस्सा वाढला.

तो माणूस काय जेवला म्हणून सांगू. पांढरा झाला, तांबडा झाला, सुकं मटण झालं, पुन्हा पांढरा झाला. कपाळावर घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर लहान मुलासारखं समाधान. "बस, भंडारी, बस," असं ते म्हणत आणि ताट पुढं करत. ठरल्याप्रमाणं आम्ही दोघं जरा लांब बसून त्यांच्या ताटाकडं बघत होतो. ताट संपत आलं की मला वाटे, आता हात धुतील, आता मामा बोलतील. पण ताटाचा तळ दिसायला लागला, की मामांचा हात आपोआप पुढं जाई आणि एक पळी पडे. पुन्हा कप्तानांचं डोकं खाली. असं एकदा झालं, दोनदा झालं. सावली चटईवरून सरकली तशी कप्तानांनी चटई सरकवली आणि जेवण चालू ठेवलं. दस्तगीर चुलीपाशी जाऊन हळू आवाजात म्हणाला, "मामा, आता वाढू नका. ताट मोकळं हुं दे."

"व्हय," मामा म्हणाले, आणि वाढलं.

"मामा, तुमच्या पाया पडतो."

"आरं, मोकळं ताट बघवत न्हाय रं मला. हात ऱ्हात न्हाय."

शेवटी मी पळीच उचलून आणली आणि तिच्यावर बसलो. मामांनी इकडंतिकडं बघितलं, नारळाची एक करवंटी उचलली आणि तिनं वाढायला लागले. करवंटीत पळीपेक्षा जास्त मावतं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही कुणाला दिसू नयेत म्हणून मी लाकडं गोळा करायला गेलो.

परत आलो तेव्हा कप्तान घास हातात धरून मामांकडं बघत होते. "भंडारी," ते म्हणाले, "कब से तुम तीनों मेरा मुँह देख रहे हो. कुछ कहना है तो कहो."

दस्तगीरनं माझा हात इतका जोरात दाबला, की बोटं मोडली असती. मामांच्या ओठांपर्यंत ते आलेलं मी बघितलं. त्यांनी एकदा कप्तानांच्या तोंडाकडं बघितलं, एकदा त्यांच्या हातातल्या घासाकडं. आणि म्हणाले, "जेवा सायेब. जेवताना न्हाय."

"कोई तकलीफ़?"

"काय न्हाय. थंड हुतंय, जेवा."

कप्तान जेवले. अगदी शेवटची भाकरी ताटात असताना रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. एजंटाचा माणूस होता. नवे कप्तान बंदरात येऊन थांबले होते, विमानाची वेळ बदलून अलीकडं आली होती, आत्ताच्या आत्ता निघायला हवं होतं. कप्तानांनी उभ्या उभ्या तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, ओल्याच हातानं मामांचे दोन्ही हात धरले, आणि बंगाली-हिंदीत पुष्कळ काही चांगलं बोलले. त्यातलं 'आराम' एवढं मला कळलं. मग ते वाळूतून धडपडत मोटारीकडं गेले. दस्तगीर मागं धावायला उठला. मामांनी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. "खाऊन उठलेल्या माणसाच्या मागं पळायचं व्हय? घासाचं मोल मागितल्यागत हुतंय ते." मोटार नारळीच्या झाडांमागं दिसेनाशी झाली. बसवाला जागा होऊन आमच्याकडं बघत होता. त्याला काय झालं ते कळलं नसणार, पण तोही उठून बसला होता.

मग मामा पातेली गोळा करायला लागले. तांब्यातलं पाणी संपलं होतं. त्यांनी मोठं पातेलं उचललं, चपला काढल्या, आणि चालत चालत थेट समुद्रात गेले. घोट्याएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या. आम्ही घाबरून मागं धावलो. पण ते वाकून मूठभर वाळू घेऊन पातेलं घासत होते. एक लाट आली आणि त्यांच्या तोंडावर उडाली. त्यांनी ओठ चाटले. "खारट हाय लेका," ते म्हणाले. "ऐकून हुतो." आणि पातेलं लख्ख होईपर्यंत घासत राहिले. ते कधीच लख्ख झालं होतं.

मुंबईला बोट लागली तेव्हा मामा उतरले. फळीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून थेट कोल्हापूरच्या गाडीला. स्वयंपाकघरात नवा माणूस आला. तो मोजून वाढे. जेवताना कामाचं बोलायला बोटीवर आता कुणाचीच आडकाठी नव्हती, आणि लवकरच आम्ही सगळे दाराकडं बघत जेवायला लागलो.

पुढं दुसऱ्या एका बोटीवर मला तेच कप्तान भेटले. त्यांनी ओळखलं, ग्रहाची चौकशी केली, आणि मामांचं विचारलं. मी धीर करून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, अरे, एक शब्द बोलायचा होता. मी तर कधीही लिहून दिलं असतं. मला वाटलं, ते दमलेत, म्हणून मीच हापिसाला कळवलं, की ह्यांना आता आराम द्या.

हे वाक्य घेऊन मी सुट्टीत कोल्हापूरला उतरलो. ते मामांना सांगावं की नाही, ह्याचा घोर मला सगळ्या वाटेत होता. सांगितलं पाहिजे असं वाटे. त्यांचा हक्क आहे, असंही वाटे. एक जूनच धरून मी बावड्याला गेलो. पुतण्याची बायको दारातच म्हणाली, "बरं झालं आलासा. मामंजींनी आज बी गावजेवणाएवढं केलंया. कुणाच्या घशात घालू?" मामा आत चुलीपुढं बसले होते. वाळले होते, पण आवाज तोच होता. "आरं, राधानगरी. बस, बस. हात धुतलास का?" समोर तेच पातेलं होतं. बोट सोडताना त्यांनी ते मागून घेतलं होतं. त्यात एका माणसाचा भात शिजणं शक्यच नव्हतं.

मी ताटावर बसलो. त्यांनी पांढरा वाढला, मग तांबडा वाढला. समुद्राची चौकशी केली, अजून आहे का म्हणून. दस्तगीरची केली. मग माझ्या तोंडाकडं बघून जरा थांबले. "काय रं? काय सांगायचं हाय व्हय?"

घास माझ्या हातात होता. कारखान्याचा हंगाम संपलेला, भोंगा नव्हता, बाहेर सगळं निवांत होतं. मामा करवंटी हातात धरून वाट बघत होते. पळी असूनही ते आता करवंटीनंच वाढत.

"जेवताना न्हाय, मामा," मी म्हणालो.

ते हसले आणि वाढायला वाकले. मी जेवत राहिलो. ताटाचा तळ दिसायला लागला, की मीच ताट पुढं करत होतो. ऊन उतरलं, पुतण्याच्या बायकोनं दोनदा डोकावून बघितलं, आणि तरी मी हात धुवायला उठलो नाही.